कॉम्प्युटरचा पुनर्जन्म

फोटो स्टुडिओत पाय ठेवायला जागा नव्हती. न्हावी, शिंपी, बेकरीवाला, सगळे आपापली दुकानं उघडी टाकून धावले होते.

"बिघडवा त्याला!" यंत्रबाबा कॉम्प्युटरकडे बोट करून गरजले. "वाट्टेल ते करा! माझं लेकरू पुन्हा निर्मळ जन्म घेईल!"

न्हाव्याला आयतीच संधी मिळाली. त्याने दिसेल ते पुसलं, पडद्यावरचं निळं कमळ काढून भडक लाल रंग फासला. बाबांनी कॉम्प्युटर बंद केला, "यंत्राय तंत्राय फट् फट्!" म्हणत त्याच्यावर हात ठेवला आणि पुन्हा सुरू केला. कमळ जागच्या जागी! टाळ्या, शिट्ट्या, एकच गलका. बेकरीवाल्याने तर शिंप्याला मिठीच मारली.

फोटोग्राफरची थोरली बहीण तेवढी दाराशी हाताची घडी घालून उभी होती. ती शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. हसू दाबता दाबता बाईंच्या नाकी नऊ आले होते.

झालं होतं ते असं. कॉम्प्युटर रखडत चालायचा, सारख्या जाहिराती टपकायच्या. भावाने सख्ख्या बहिणीला विचारायचं सोडून बाबांना बोलावलं. बाबांनी "बाधा आहे" असं निदान केलं, दार लावून एकांतात साधना केली, आणि काय सांगावं, कॉम्प्युटर पळायला लागला! फक्त आतले सगळे फोटो गायब. त्यात शेजारच्या मुलीच्या लग्नाचेही होते, आणि त्यांची दुसरी प्रत नव्हती. लग्नानंतर आठवड्यातच तिची आजी गेली. आजीचे शेवटचे फोटो तेच. ती नवी नवरी कोपऱ्यात स्टुलावर बसून मुसमुसत होती.

"फोटो मागच्या जन्मात राहिले, बाळ," बाबा कळवळून म्हणाले. "परत हवेत तर ज्या डोळ्याने ते पाहिले, तो डोळा मला अर्पण करा."

"डोळा?" भाऊ दचकला.

"कॅमेरा रे. लेन्ससकट." बाबांनी जरा विचार केला. "आणि चार्जर."

भावाने मुकाट्याने गळ्यातला पट्टा काढायला घेतला. कॅमेरा गेला की स्टुडिओला टाळंच लागणार होतं. ताईचं हसू कुठल्या कुठे पळालं.

"थांब रे शहाण्या!" ती गर्दीतून वाट काढत पुढे आली आणि तिने कॉम्प्युटर बंदच करून टाकला.

"हात लावू नका! कोप होईल!"

"होऊ दे की. मी नववीचा वर्ग सांभाळते, बाबा."

कॉम्प्युटर सुरू करता करता तिने कीबोर्डच्या कोपऱ्यातलं एक बटण टकटक दाबलं. काळा पडदा आला आणि त्यावर दोन पांढऱ्या ओळी.

"हा बूटलोडर. कॉम्प्युटर उठला की सगळ्यात आधी हा जागा होतो आणि पुढे काय सुरू करायचं ते ठरवतो. बाबांनी डिस्कवर कॉम्प्युटर चालवणारी दुसरीच एक लाइव्ह सिस्टिम आणून ठेवली, बूटलोडरला बजावलं की कुणाला न विचारता हीच सुरू कर, आणि ही यादी लपवली. लाइव्ह सिस्टिम फळ्यावरच्या खडूसारखी. बंद केली की सगळं पुसलं. म्हणून कमळ परत येतं. जुनी सिस्टिम मेलेली नाही. ही काय, दुसरी ओळ."

तिने दुसरी ओळ निवडली. कॉम्प्युटर रखडत रखडत उठला आणि पडद्यावर धडाधड जाहिराती उसळल्या. "त्याच! आपल्याच जाहिराती!" भाऊ आनंदाने नाचायलाच लागला. मग फोटो उघडले. आजी नातजावयाचा गॉगल घालून खदखदून हसत होती.

"अगं बाई, आजी!" नवरी रडता रडता हसत सुटली.

"पाहिलंत? माझी कृपा!" बाबा ओरडले.

"मग आता ह्यांना करू द्या." ताईने न्हाव्याला पुढे ओढलं. त्याने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला, बटण दाबलं, ओळी आल्या. शिंप्याने दाबलं, आल्या. बेकरीवाल्याचे हात पिठाचे होते, तरी आल्या! बाबांनी तेवढ्यात काढता पाय घेतला.

"तुला कसं गं सुचलं, ताई?" भाऊ खजील होऊन म्हणाला.

"तुलाही सुचलं असतं. कुणी काही अद्भुत करून दाखवलं की हात जोडायच्या आधी एवढंच म्हणायचं, मला करून बघू द्या. खरं असेल तर तो शिकवेल. खोटं असेल तर रागावेल."

नवरी डोळे पुसत उठली. "सरका जरा," ती म्हणाली, "मला बघू द्या करून." आणि तिने बटण दाबलं.