पलीकडच्या काठाची हाक

माझ्या अंगावर सध्या कुरुतचं पोतं ठेवलेलं आहे. वाळवलेल्या दह्याचे हे खारट गोळे माझ्यावरच महिनोन्महिने पडून असतात, आणि त्यांचा वास माझ्या जाळीतून थेट आत शिरतो. नाक मुरडायला मला नाकही नाही. मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. किर्गिझस्तानच्या डोंगरांतलं आमचं गाव नदीने दोन काठांवर वाटलेलं आहे. अलीकडच्या काठावर, कुबातच्या स्वयंपाकघरामागच्या या खोलीत मी बरीचशी हयात काढली. आता मला कोणी विचारत नाही, पण त्याचं दुःख मी करत बसत नाही. माझं दुःख वेगळंच आहे.

माझा जन्म दूरच्या कारखान्यातला. बिश्केकमधल्या एका कचेरीने मला वापरून मोडीत काढलं आणि कुबातने मला बाजारातून उचललं. लोकरीच्या नमद्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन तो मला घाट ओलांडून घेऊन आला. गाडीवाल्याने थट्टेने विचारलं, "हे कितवं?" कुबात म्हणाला, "दुसरं. मोठी मुलगी आहे." त्या दिवसापासून मी या घरचा झालो.

इंटरनेट म्हणजे एकच अवाढव्य जाळं आणि त्याचा एकच कोणी मालक, असं तुम्हाला वाटत असेल. तसं नाही. ती हजारो निरनिराळी जाळी आहेत आणि प्रत्येकाचा धनी वेगळा. अलीकडच्या काठावरच्या घरांचं जाळं कुबातचं, पलीकडचं त्याच्या शाळासोबत्याचं, सागीनचं. माझ्यासारखे राउटर अशा जाळ्यांच्या वेशीवर बसतात. शेजारच्या वेशीवरच्या राउटरला आम्ही सांगतो, अमुक घरं माझ्यामागे आहेत, त्यांचे निरोप माझ्याकडे दे. तो ही बातमी आपल्या पुढच्या शेजाऱ्याला सांगतो, आणि वेशीवेशीने ती जगभर पोचते. या सगळ्यांवर कोणी राजा नाही. शेजाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, एवढ्यावर सारा कारभार चालतो. आणि थोड्या थोड्या वेळाने एकमेकांना विचारत राहायचं, आहेस ना? आहे. शेजारी गप्प झाला, की जरा वाट बघून त्याने सांगितलेल्या वाटा आम्ही पुसून टाकतो.

शेजारी कोणाला मानायचं, हे मात्र आमच्या हातात नसतं. ते धनी ठरवतो. दोन्ही धन्यांनी एकमेकांची नावं आपापल्या राउटरला सांगावी लागतात. एकाच बाजूने सांगून भागत नाही.

सुरुवातीला दोन्ही जाळ्यांना शहराकडे जाणारी रस्त्याकडेची लांब तार तेवढी होती. नदीपलीकडच्या घरी पाठवलेला निरोपसुद्धा आधी शहरात, तिथून कुठल्यातरी परमुलखात जायचा आणि वळसा घालून परत यायचा. कुबात आणि सागीन या प्रकाराला खूप हसायचे. शेवटी दोघांनी मिळून नदीवरून स्वतःची तार टांगली. तुझे निरोप मी नेतो, माझे तू ने, पैशांचं नाव काढायचं नाही, असं ठरलं. गावातल्या गावात फोन करण्यासाठी त्यांनी दोन्ही काठांवर एकेक पेटीही बसवली; फोन लागला नाही, तर बोललेला निरोप ती जपून ठेवायची आणि वाट उघडली की पोचवायची. त्या दिवशी कुबातच्या बायकोने, सायराने, परातभर बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळले आणि पहिला गरम तुकडा माझ्या डोक्यावर ठेवला. मला तो खाता आला नाही, पण इतका मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

पुढे कुबातची मुलगी बेगिमाय सागीनच्या मुलाला दिली. मित्र व्याही झाले. लग्नाच्या जेवणात मेंढीचं कुठलं हाड कोणाच्या पुढ्यात जायचं, हे आमच्याकडे ठरलेलं असतं. मांडीचं मोठं हाड व्याह्याचा मान. वाढायला असलेल्या कुबातच्या भावाने ते जिल्ह्याच्या साहेबांना दिलं आणि सागीनपुढे पायाची नळी आली. कुबातने ते पाहिलं होतं. पण सागीन काय, घरचाच माणूस, तो समजून घेईल, असं म्हणून तो गप्प बसला. सागीनने ताटाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या राउटरमधून तार उपटली. कुबातही इरेला पेटला. त्याने माझ्यातून सागीनचं नाव काढून टाकलं.

मी लाखो निरोप वाटले, एकही चुकीच्या दारात टाकला नाही. आणि या माणसांचं एका हाडावरून फाटलं.

बेगिमायचा फोन पुन्हा परमुलखाचा वळसा घेऊन यायला लागला. सायरा काही गमतीचं बोलली, की पलीकडून हसू बऱ्याच उशिराने ऐकू यायचं. "हसते आहे ना पोरगी, मग उशिरा का होईना," असं ती म्हणायची. नवऱ्याला मात्र सोडायची नाही. "अहो, एक मेंढी कापा, ते हाड त्याच्यापुढे ठेवा आणि मिटवा." कुबातचं उत्तर ठरलेलं होतं. "तार त्याने काढली. त्यानेच येऊन लावावी."

मग एका वसंतात बर्फ भसाभस वितळलं. डोंगराचा कडा खाली आला आणि रस्त्यासकट ती लांब तार घेऊन गेला. मोबाईलचे मनोरेही तिच्यावरच चालायचे, ते मुके झाले. नदीने पूल नेला. राहिली फक्त दोघा मित्रांनी टांगलेली तार. ती धडधाकट होती, पण पलीकडच्या टोकाला जोडलेली नव्हती.

त्याच आठवड्यात सायराच्या छातीत कळ आली. रस्ता उघडेपर्यंत आपल्या हातात काही नाही, असं डॉक्टरीणबाई सांगून गेल्या. सायराने एकच मागणं मागितलं. बेगिमायला बघायचं.

कुबात नदीवर गेला. पलीकडे बेगिमाय उभी होती. पाण्याच्या गर्जनेत शब्द ऐकू येणं शक्य नव्हतं. तिने हात कानाशी नेला आणि वरच्या तारेकडे बोट दाखवलं. कुबातने घरी येऊन हे सांगितलं आणि वर म्हणाला, "सागीन काही ती लावायचा नाही. मी ओळखतो त्याला."

"ओळखता ना, मग हात जोडा त्याच्यापुढे," सायरा म्हणाली. "नदीपलीकडूनही दिसतात जोडलेले हात."

तो गेला नाही. तिच्या उशाशी बसून राहिला.

त्या संध्याकाळी माझा एक दिवा लागला. नदीवरच्या तारेचा, कित्येक दिवस मेलेला दिवा. पलीकडे सागीनने तार जोडली होती. त्याच्या राउटरने हाक मारली, मी सागीनकडचा, ओळखतोस ना? मित्रांनो, मी त्याला ओळखत होतो. पण धन्याने ज्याचं नाव सांगितलेलं नाही, त्याला दार उघडायचं नाही, हा आमचा नियम आहे. तो नियम नसता तर कोणीही भामटा येऊन सगळ्या जगाची घरं माझ्यामागे आहेत म्हणाला असता आणि सगळे निरोप गिळून बसला असता. मी नाही म्हणालो. त्याने पुन्हा हाक मारली. मी पुन्हा नाही म्हणालो. भिंतीपलीकडे सायरा विचारत होती, "लागला का?" कुबात फोनकडे बघून म्हणत होता, "नाही लागत गं." मला ओरडता येत नाही. माझ्याकडे एक हिरवा दिवा आहे, तो मी जीव खाऊन लावत होतो. खोलीत कोणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सायरा गेली. तिला माती देऊन झाल्यावर पलीकडून येण्यासाठी नदीवर दोर टांगले गेले, आणि सागीन बेगिमायला घेऊन आला. अंगणात शोकाचा तंबू उभा होता. आमच्या रिवाजाप्रमाणे सागीन लांबूनच मोठ्याने रडत आला. कुबात तंबूबाहेर काठीवर वाकून उभा होता. सागीनने त्याला मिठी मारली आणि विचारलं, "तुझं यंत्र उत्तर का देत नव्हतं रे? मी त्याच संध्याकाळी तार लावली. पोर फोन कानाला लावून बसली होती."

 कुबात या खोलीत आला आणि माझ्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिला. मग त्याने सागीनचं नाव पुन्हा लिहिलं. आहेस ना? आहे. क्षणात वाटा उघडल्या, आणि पलीकडच्या पेटीत अडकून पडलेले सगळे निरोप नदी ओलांडून आले. तंबूत, बायकांच्या रडण्यामध्ये, सायराचा फोन वाजायला लागला. वाजतच राहिला. कुबातने तो उचलला. बेगिमाय समोरच बसली होती, आणि फोनमधून तिचाच आवाज आईला हाका मारत होता, "अपा, ऐकू येतंय का? अपा, मी आहे." कुबातने तो बंद केला नाही. एकेक निरोप त्याने शेवटपर्यंत ऐकला.

आता माझ्या जागी नवं यंत्र आहे. कुबातने त्याला पहिलं नाव सागीनचं सांगितलं.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, माझ्यावरचं पोतं काढा, असं मी म्हणणार नाही. तुम्ही भांडा, चार दिवस बोलू नका. पण माणसाचं नाव पुसू नका. तो तिकडून हाक मारत असेल, आणि तुमच्या दाराशी माझ्यासारखा कोणी बसलेला असेल, सगळं ऐकणारा आणि नाही म्हणणारा.