मेहनतीची घोडी

“पाय बसवता येईल,” घोडीच्या पुढच्या पायाला फळी बांधत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पळणं मात्र संपलं. पण जगेल, शिंगरं देईल.”

“हिची शिंगरं? आणि घेणार कोण?” मालक हसले.

तिला तयार करणारे वस्ताद मैदानालगतच्या तबेल्यात तिच्या मानेवर हात ठेवून उभे होते. तिचा घाम अजून वाळला नव्हता. शर्यत जिंकून ती निशाणाच्या पुढे गेली आणि कोलमडली, तेव्हा लोक टाळ्याच वाजवत होते.

तिची आई भाजीची गाडी ओढायची. म्हणून तबेल्यात हिचं नाव पडलं खटारा. मालकांनी तिला आणली तीच वस्तादांची जिरवायला. “रक्त काही नसतं, सगळी मेहनत, असं म्हणता ना? मग हिला पळवून दाखवा.” वस्तादांनी ते मनाला लावून घेतलं. पहाटे वाळूत, उन्हं वर आली की चढावर, पुन्हा वाळूत. “पोटच्या पोरीच्या मागे कधी एवढे लागला नाहीत,” बायको म्हणायची. खटारा शेवटची यायची, लोक शिट्ट्या मारायचे. मग ती मधे यायला लागली. आज पहिली आली.

“मालक, त्या लंगडीला सांभाळतोच की आपण.” वस्तादांनी शेजारच्या ठाणाकडे मान केली. तिथली नामांकित घराण्यातली घोडी आयुष्यात एकही शर्यत जिंकली नव्हती. ती निवांत चारा खात होती.

“तिच्या पोटात घराणं आहे, वस्ताद.”

“मग हिला मला द्या. माझ्या परसात राहील.”

“म्हणजे लोक म्हणायला मोकळे, मोडकी घोडी नोकराच्या गळ्यात मारली!” मालक जवळ आले. आवाज मऊ झाला. “तुमचं खरंच होतं हो. हिच्यात मेहनतीशिवाय काही नव्हतंच. आता मेहनत गेली. उरलं काय, तुम्हीच सांगा.”

जन्मभर चारचौघांत छाती फुगवून वस्ताद हेच सांगत आले होते.

“बाई, फळी राहू द्या, उरकून घ्या,” म्हणत मालक बक्षीस घ्यायला मैदानाकडे निघाले.

सुई दिसताच घोडी बिथरली. तीन पायांवर मागे सरकत भिंतीला जाऊन भिडली.

“धरा हो तिला! अशी टोचता नाही यायची.”

वस्तादांनी तळहात पुढे केला आणि जिभेनं हलकेच टकटक केलं. नवी होती तेव्हा ती नुसता लगाम बघून लाथा झाडायची. हा आवाज आला की भ्यायचं नाही, डोकं हातावर टेकवायचं आणि हलायचं नाही, एवढं तिच्या गळी उतरवायला त्यांचा एक अख्खा हिवाळा गेला होता.

घोडीनं डोकं टेकवलं. सुई आत गेली तरी हलली नाही.

“किती शहाणी आहे हो,” बाई पुटपुटल्या.

“शिकवलंय,” वस्ताद म्हणाले. डोकं जड होत गेलं, तसा त्यांनी दुसराही हात खाली लावला.