टरफलांची पिशवी

उद्यापासून अंडी फोडायची नाहीत, असं बेकरीच्या मालकांनी सांगितलं तेव्हा ताईच्या हातात अंडंच होतं. आता फोडून गाळलेली अंडी डब्यांतून येणार होती आणि ताईने बिस्किटांचे पुडे बांधायचे होते. पगार तोच, काम हलकं. तिने मान डोलावली आणि हातातलं अंडं पातेल्याच्या काठावर फोडलं. बावीस वर्षं ती रोज पाचशे-सहाशे अंडी अशीच फोडत आली होती. त्या आवाजावरून सगळी बेकरी तिला टकटकताई म्हणायची.

नोकरीचं तिला काही वाटलं नाही. जिवाला घोर लागला तो सासूबाईंचा.

टरफलांची पहिली पिशवी तिने घरी आणली तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा मालट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात दोघीच, आणि दोघींमधून विस्तव जात नव्हता. पिशवीत डोकावून सासूबाईंनी विचारलं होतं, "तुझ्या माहेरी कचरा घरात आणतात का?" परसात सासूबाईंचे टोमॅटो होते. ते दरवर्षी धरायचे आणि पिकायच्या आतच बुडाशी काळे पडायचे. ताईने टरफलं धुऊन वाळवली, खलबत्त्यात कुटली आणि पुढच्या लावणीच्या वेळी मातीत मिसळली. त्या वर्षी सडके टोमॅटो मोजकेच निघाले. आणि एका संध्याकाळी फाटकाशी येऊन सासूबाईंनी पिशवी तिच्या हातातून आपणच घेतली.

मग तो कारभार त्यांचाच झाला. बारीक पूड टोमॅटोंना, जाडसर भुगा गुलाबांना. करपलेली पातेली टरफलांनीच घासून निघायची. तेलाच्या अरुंद तोंडाच्या बाटलीत चमचाभर भुगा आणि साबणाचं पाणी घालून त्या ती अशी खळखळवायच्या की काच लख्ख व्हायची. शेजारीण म्हणायची, लोक अंड्याचं करत नाहीत इतकं कौतुक तुम्ही टरफलाचं करता. कुटताकुटता दोघी बोलायला लागल्या, आणि पोटच्या मुलाला कधी न सांगितलेल्या गोष्टी सासूबाईंनी सुनेला सांगितल्या.

आता सहा महिने त्या खाटेवर होत्या. पाय गेले होते, हात मात्र चालत. संध्याकाळी मांडीवर परात घेऊन टरफलांच्या आतला पातळ पापुद्रा सोलायचा, एवढंच एक काम त्यांना उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुटल्यावर ताई कोपऱ्यावरच्या आम्लेटच्या गाडीपाशी बराच वेळ घुटमळली. जन्मात तिने कोणाकडे काही मागितलं नव्हतं. शेवटी तिने विचारलं. गाडीवाल्याने तिच्याकडे नवलाने पाहिलं आणि टरफलांची बादली पुढे सरकवली. मग ते रोजचंच झालं. घरी तिने ताकास तूर लागू दिली नाही.

पंधरा दिवसांनी सासूबाईंनी एक टरफल नाकाशी धरलं.

"बेकरीत कांदा कधीपासून घालायला लागले गं?"

ताईने मग खाली बसून सगळं सांगितलं. सासूबाई पापुद्रा सोलत राहिल्या. पहिल्याच दिवशी कळलं होतं, म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत, आई?"

"बोलले असते तर तू आणायची थांबली असतीस."

मग सासूबाई म्हणाल्या, उद्यापासून चुरा नको, अर्धी टरफलं अख्खी आण. आपण रोपं करू.

गाडीवाला तिच्यासाठी अंडी जपून फोडू लागला. टरफलांना तळाशी टोचा मारून सासूबाईंनी त्यांत माती भरली, टोमॅटोचं एकेक बी लावलं आणि खाटेलगतच्या खिडकीत ती ओळीने मांडली. रोपांना दोन-दोन पानं फुटली आणि त्याच आठवड्यात, एका दुपारी, परात मांडीवर असतानाच त्या गेल्या.

भेटायला बरीच माणसं आली. बेकरीतली आली, शेजारची आली, गाडी बंद ठेवून गाडीवालाही आला. निघताना प्रत्येकाच्या हातावर ताईने एकेक रोप ठेवलं. टरफलासकट लावा, फक्त बूड जरा चेपा, एवढंच ती सांगत होती.

एरवी हात हलवत, बोलत जाणारी ती माणसं त्या दिवशी ओंजळ छातीशी धरून, पायाखालची वाट बघत, एकामागून एक सावकाश गेली.