रंगाखालचं लोखंड

आरसेवाल्यांची गाडी सकाळपासून नुसती कण्हत होती. किल्ली फिरवली की घर्र... घर्र... आणि मग उठता उठता कुणी पुन्हा मटकन बसावं, तशी गप्प.

आरसेवाले म्हणजे गाड्या रंगवणारे नावाजलेले कारागीर. त्यांनी रंगवलेल्या दारात बघून लोक भांग पाडून घेत, म्हणून हे नाव पडलं. हात थरथरायला लागले तसं त्यांनी दुसऱ्यांची कामं घेणं सोडलं. ही स्वतःची जुनी गाडी मात्र अगदी मन लावून रंगवली, बॉनेटच्या आतला कानाकोपरासुद्धा. तिथं तेलाचा थेंब पडला तरी जीव हळहळावा, असं काम.

आणि तीच गाडी आज भंगारात निघाली होती.

"संध्याकाळी तो माणूस येतोय हं न्यायला," पत्नीने स्वयंपाकघरातूनच बजावलं. "दवाखान्याच्या दारात लोकांनी ढकलली तेव्हा हलली. मी आत बसलेली, आणि बाहेर परकी माणसं घामाघूम! पुरे झाले तिचे लाड."

"अगं, बॅटरी नवी टाकली. सेल्फ दोनदा उघडून झाला..."

"तेच म्हणतेय मी. आता काय उघडायचं राहिलंय? माझं डोकं?"

शेवटी आरसेवाल्यांनी धाकट्या मुलीला फोन केला. धाकटी गाड्या दुरुस्त करायची. गावाच्या दुसऱ्या टोकाला तिचं स्वतःचं गॅरेज होतं. लहानपणी बापाच्या मांडीशी बसून ब्रश धरायला शिकलेली ही पोर, आणि पुढे हात घातले ते ग्रीस-ऑइलमध्ये. बापाने तोंडाने कधी नाही म्हटलं नाही, पण तिच्या गॅरेजची पायरीही कधी चढला नाही.

ती आली आणि तिने बॉनेट उघडलं.

"बाबा, हे काय केलंय! इथं हात लावायला आंघोळ करून यायला हवं."

"कौतुक नंतर. आधी आजार सांग."

"सांगते. आधी दिवे लावा आणि सेल्फ मारा."

घर्र... घर्र... समोरच्या भिंतीवर दिव्यांचा उजेड लख्ख पडला होता, जरासुद्धा मिणमिणला नाही.

"बॅटरी दमली असली तर दिवे मान टाकतात," ती म्हणाली. "हे तर ताठ आहेत. परत मारा. थांबू नका."

पुन्हा तेच कण्हणं. तिने हात आत घालून ॲक्सिलेटरची केबल चिमटीत धरली आणि चटकन सोडली.

"तापलीय! गाडी जागची हलली नाही, आणि ही केबल गरम?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे सेल्फचा करंट परत जायला रस्ता शोधतोय. त्याची खरी वाट बंद आहे, म्हणून बिचारा या बारीक केबलमधून घुसतोय." तिने इंजिनपासून बॉडीला गेलेल्या अर्थिंगच्या पट्टीवर बोट ठेवलं. मग बापाकडे न बघता हळूच विचारलं, "बाबा, रंगवताना ही काढली होती?"

"काढली होती की. पट्टीमागची जागा तशीच कोरी ठेवतात ते रंगारी वेगळे. मी खाली प्रायमर दिला, रंगाचे तीन हात दिले, मग पट्टी परत आवळली."

"रंगावर?"

आरसेवाल्यांचा चेहरा पडला.

"रंगातून करंट जात नाही, बाबा. इतके दिवस बोल्टच्या आट्यांतून कसंबसं भागत होतं. आता आटेही गंजले."

"माझ्या रंगात खोट काढतेस?"

"नाही हो. रंग फार चांगला बसलाय, हीच तर पंचाईत! कच्चा असता तर एव्हाना निघून आला असता."

तिने जंपर केबलचं एक टोक इंजिनला लावलं, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. "मारा आता."

किल्ली जेमतेम फिरली आणि गाडी भसकन जागी झाली. आरसेवाले दचकले, मग त्यांनी किल्ली बंद केली.

"केबल काढली की पुन्हा तेच," धाकटी म्हणाली. "पट्टीखालचं लोखंड उघडं करायला हवं. मी खरवडू?"

"नको." ते खाली उतरले. "तू खरवडशील तर आजूबाजूचाही काढशील. मेकॅनिकचा हात तुझा."

धाकटीने पट्टी सोडवली, त्यांनी पॉलिश पेपर घेतला. एरवी चहाचा कप धरतानाही थरथरणारी बोटं बोल्टच्या छिद्राभोवती अलगद गोल फिरू लागली. रंग गेला, प्रायमर गेला, खालचं लोखंड चमकलं. धाकटीने नवा बोल्ट बसवला आणि पट्टी घट्ट आवळली.

भंगारवाला टेम्पो घेऊन आला, तेव्हा गाडी दारात गुणगुणत उभी होती. आरसेवाल्यांची पत्नी पदराला हात पुसत बाहेर आली, गाडीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं.

"सुरू झाली? काय निघालं हो?"

"माझी चूक," आरसेवाले म्हणाले. आजवर त्या घराने हे शब्द ऐकले नव्हते. "मोठमोठ्या मिस्त्रींनी पाहिली, मी रोज पुसत होतो, कुणाला कळलं नाही. हिने नुसता हात लावून ओळखलं."

"मग मी जाऊ?" भंगारवाला हिरमुसून म्हणाला.

"जाशील रे, घाई काय आहे? इकडे ये आधी." त्यांनी त्याला दंडाला धरून बॉनेटपाशी नेलं. त्या झगमगत्या रंगाकडे बोटसुद्धा केलं नाही. पट्टीच्या कडेने उघडं लोखंड नखाएवढं दिसत होतं, ते दाखवलं.

"हे बघ," ते म्हणाले, "हे माझ्या मुलीचं काम."