उजवीकडे गेलेला बाण

मित्रांनो, मला बोलता येत नाही, फक्त करकरता येतं. मी करकरले की माणसं म्हणतात, "तेल घाला हिला." एका छापखान्यातली मी जुनी मालाची लिफ्ट आहे.

तरुणपणी माझं फार कौतुक झालं. तळघरातले कागदाचे जड गठ्ठे मी वर यंत्रांपर्यंत न्यायचे. मला चालवणारे काका रोज सकाळी माझं दार पुसायचे. पुढे त्यांचीच लेक गोदाम सांभाळायला आली. हुशार आणि चटपटीत पोरगी! गठ्ठे अंदाजाने भरलेले तिला खपेनात.

"बाबा, ही पाचशे किलो पेलते. तुम्ही आणि हातगाडी मिळून एकशे चाळीस. एक गठ्ठा साठ किलोचा. पाचशेतून गठ्ठ्यांचं वजन गेलं, तरी तुमच्यासाठी निदान एकशे चाळीस उरायला हवेत."

तिने माझ्या भिंतीवर खडूने असमानता मांडली. क्ष म्हणजे गठ्ठ्यांची संख्या.

५०० − ६०क्ष ≥ १४०

दोन्हीकडून पाचशे वजा केले.

−६०क्ष ≥ −३६०

मग उणे साठने भागलं आणि घाईघाईत लिहिलं, क्ष ≥ ६.

माझा पत्रा गार पडला. ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटतं. तिने ते उलटलंच नव्हतं! खाली तिने संख्यारेषा काढली, सहावर भरीव ठिपका दिला आणि तिथून बाण थेट उजवीकडे सोडला. सात, आठ, नऊ आणि त्याही पुढे.

"सहा किंवा जास्त. खेपा वाचतील बाबा."

"तू लिहिलंस म्हणजे बरोबरच असणार," काका कौतुकाने म्हणाले आणि नऊ गठ्ठे चढवायला लागले.

सातव्याला माझा तळ वाकला. आठव्याला माझ्या पोलादी दोराची एक तार तुटली. मी जीव तोडून करकरले.

"म्हातारी कुरकुरतेय नुसती," म्हणत काकांनी नववाही आत घेतला, दार लावलं, बटण दाबलं. मी वर निघाले. दोराचे पीळ एकेक करून सुटत होते. हा भला माणूस आज माझ्याच पोटात मरणार, या भीतीने मी थरथरत होते.

खाली लेकीने तारा तुटल्याचा आवाज ऐकला. तिने चटकन क्षच्या जागी नऊ घालून पाहिले. पाचशे वजा पाचशे चाळीस. उणे चाळीस!

"बाबाऽऽ!" तिने धावत जाऊन मुख्य बटण बंद केलं. मी दोन मजल्यांच्या मध्ये लटकले.

"बाबा, हलू नका!"

"नाही हलत गं. तू रडू नकोस."

छापखान्याच्या मिस्त्रीने धावत येऊन वरच्या मजल्याचं दार उचकटलं आणि काकांना दोन्ही हातांनी बाहेर ओढलं. त्यांचा पाय माझ्यातून बाहेर पडला आणि त्याच क्षणी मी हातभर खाली घसरले.

नवा दोर बसल्यावर लेक पुन्हा आत आली. तिने रंगाने लिहिलं, क्ष ≤ ६. ठिपका भरीवच राहिला, कारण सहा चालतात. बाण मात्र डावीकडे वळला आणि शून्यापाशी थांबला. शून्याहून कमी गठ्ठे कुठून आणणार? मग तिने सहा घालून पाहिले, एकशे चाळीस उरले. सात घातले, ऐंशीच उरले. तेव्हा कुठे तिने सुस्कारा सोडला.

आता दोघंही इथे नाहीत. रंग उडालाय. त्या भिंतीला रिकामी खोकी टेकवून ठेवतात. "अजून एक मावेल की!" असं कुणी म्हटलं, की माझा थरकाप होतो.

मित्रांनो, उत्तर आलं म्हणून लगेच त्यावर भरवसा ठेवू नका. बाणाच्या वाटेवरची एक संख्या उचला, मूळ मांडणीत घालून बघा. आत उभ्या माणसाला फक्त बाण दिसतो, दोर दिसत नाही.

बाहेर हातगाडी येऊन थांबली आहे. तिच्यावर किती गठ्ठे आहेत, ते मला इथून दिसत नाही.