ताणलेला दोरा

दुकानात काज-बटणं ताई करायची आणि बेतायचं, शिवायचं काम तिच्या धाकट्या भावाचं. एकमेकांवाचून दोघांचं पान हलत नसे आणि एकमेकांशी धड पटतही नसे. त्या वर्षी एका गिऱ्हाइकाने माप देता देता दगडखाणीमागच्या गुहेची गोष्ट सांगितली. आत म्हणे तळं आहे, काचेसारखं नितळ. झालं! ते तळं भावाच्या डोक्यात शिरलं ते निघेचना.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच तो निघाला. अंगात रोजचा सदरा, पायात चपला, हातात दोन सेलची बॅटरी. त्या काळी बॅटरी म्हणजे एक जड पितळी नळकांडं. आपटलं की लागायचं, आपटलं की विझायचं. आणि खिशात कोटाच्या दोऱ्याचं मोठं रीळ.

"डोक्याला काहीतरी बांध," ताई म्हणाली.

"गुहेत चाललोय, लढाईवर नाही."

"आणि वाट चुकलास म्हणजे?"

"त्यासाठीच तर दोरा. टोक माझ्या मनगटाला, रीळ तुझ्या हातात. येताना दोरा चाचपत यायचं. कापड फाटेल, पण हा दोरा तुटायचा नाही, ताई."

सोबत आलेला दुकानातला इस्त्रीवाला हसला. "मास्तर, तळ्यातलं तांब्याभर पाणी आणा. इस्त्री करताना शिंपडायला होईल."

गुहेच्या तोंडाशी ताई दगडावर बसली. रीळ तिच्या बोटांत फिरायचं, थांबायचं, पुन्हा फिरायचं. मग बराच वेळ थांबलं आणि दोरा सैल पडला. भाऊ परत फिरला होता. सैल दोरा ताईला बघवत नसे. वीस वर्षांची सवय, दोरा लोंबला की गुंता झालाच म्हणून समजा. सैल पडेल तसा ती तो गुंडाळून घेत राहिली, अगदी ताठ.

"ताई! बॅटरी गेली!" आतून घुमत आवाज आला.

"दोरा धरून ये!" ती ओरडली आणि त्याला नीट लागावा म्हणून तिने दोरा आणखी ओढून धरला.

बराच वेळ काहीच नाही. मग आवाज आला, तो निराळाच. "ताई, अडकलो गं! दोरा फटीत गेलाय. मी जाताना इथून नव्हतो गेलो!"

ताईने हातातल्या ताठ दोऱ्याकडे पाहिलं. तो गेला होता रुंद वाटेने, वळणं घेत. तिने ताणलेल्या दोऱ्याने वळणं सोडली आणि आडवाटेने फटीतून सरळ रेघ धरली. अंधारात त्याने डोळ्यांऐवजी दोऱ्यावर विश्वास ठेवला आणि छातीपर्यंत आत शिरला.

"ढिला सोड, ताई!"

तिने रीळ भराभर उलगडलं. दोरा आत गेलाच नाही. दगडाच्या कडेने तो कुठेतरी आतच घट्ट धरला होता. जेवढा सोडावा तेवढा तिच्याच पायाशी पडत होता. इस्त्रीवाला आगीच्या बंबवाल्यांना आणायला गावाकडे धावला. ताई दहा पावलं आत गेली, घसरली, गुडघा फोडून घेऊन बाहेर आली. एका हाकेचं अंतर, पण जाता येईना.

"ताई, आहेस ना?"

"आहे रे. इथेच आहे."

बंबवाले आले तेव्हा ऊन माथ्यावर होतं. डोक्याला टोप, कपाळावर दिवे, मनगटाएवढे दोर. त्यांच्या प्रमुखाने विचारलं, जादा सेल होते का? दुसरा दिवा? आत आणखी कोणी? आधी कुणी गुहा पाहिली होती? प्रत्येक प्रश्नाला ताईने नाही म्हटलं. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

माणसं आत गेली आणि मातीने माखून परतली. हात हाताला लागतो, ती माणसं म्हणाली, पण माणूस निघत नाही; श्वास सोडला की आणखी खाली सरकतो. दगड फोडायची हत्यारं शेजारच्या गावाहून यायची होती.

"ताई, आहेस ना?" आवाज बारीक झाला होता.

"आहे रे."

हत्यारं आली तेव्हा हाका थांबल्या होत्या. प्रमुख स्वतः आत जाऊन आला. त्याने डोक्यावरचा टोप काढला आणि तो ताईसमोर उकिडवा बसला.

"बाई, दोरा कापू का? माझ्या माणसांच्या पायांत येतोय."

"त्याच्या मनगटाला आहे तो."

"माहीत आहे मला. आत्ताच हात लावून आलो."

"थांबा," ताई म्हणाली. पायाशी दोऱ्याचा ढीग पडला होता, तरी तिची बोटं रीळ उलगडतच होती. "अजून थोडा ढिला सोडून बघते."