पंपाचा आवाज

विभागप्रमुख बाईंनी स्पीकर टेबलाच्या मधोमध ठेवला, त्याची वायर खिडकीखालच्या सॉकेटपर्यंत ओढत नेली आणि मागे वळून सगळ्यांना दटावलं, "आता बोलणं बंद करा. आपले सर रेडिओवर येतायत."

बैठकीच्या खोलीत खुर्च्या पुरल्या नव्हत्या. प्रयोगशाळेतली स्टुलं आणली होती, तरी काहीजण भिंतीला टेकून उभे होते. सरांना मात्र पहिल्या रांगेत नवरदेवासारखं बसवलं होतं. त्यांच्या हातातलं बिस्किट चहात इतका वेळ बुडून राहिलं की अर्धं तुटून तळाशी गेलं. त्यांनी कपाकडे पाहिलं आणि तो तसाच खुर्चीखाली ठेवून दिला. त्यांची विद्यार्थिनी सगळ्यांत मागे, दाराशी उभी होती. तिच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. टाक्या धुता धुताच ती वर आली असावी. सरांनी तिला एकदा पाहिलं आणि नंतर मान म्हणून मागे वळवली नाही.

विभागात सरांना पाठीमागे सगळे 'बापमासा' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. त्यांची सगळी हयात एका बोटभर माशामागे गेली होती. समुद्रातल्या खडकांच्या कपारीत राहणाऱ्या या माशाची मादी अंडी घालून मोकळी होते आणि नर ती सगळी तोंडात घेऊन बसतो. पिल्लं बाहेर पडेपर्यंत तो अन्नाला शिवत नाही, गाल फुगवून नुसता एका जागी तरंगत राहतो. पण घाबरला, किंवा पाण्यात श्वास पुरेनासा झाला, की हाच बाप आपली अंडी गिळून टाकतो. हे गिळणं भुकेपोटी नसतं, भीतीपोटी असतं, हे सरांनी ऐन उमेदीत दाखवून दिलं होतं. त्या एका शोधावर त्यांची नोकरी, बढत्या, परिषदांची आमंत्रणं असं सगळं उभं राहिलं.

त्याच माशाबद्दल आता रेडिओवर मुलाखत. एरवी सरांनी सगळ्या नातेवाइकांना फोन करकरून भंडावून सोडलं असतं. या वेळी त्यांनी बायकोलाही कार्यक्रमाची वेळ मुद्दाम चुकीची सांगितली होती, कारण कार्यक्रम कशाने सुरू होणार हे त्यांना ठाऊक होतं.

मुलाखत घ्यायला आलेल्या बाई मोठ्या उत्साही होत्या. मागच्या शनिवारची दुपार, सगळी इमारत रिकामी. केबिनमध्ये काय बसायचं, माशांच्या सोबतीने बोलू या, असा त्यांनी हट्टच धरला. मग सर त्यांना तळमजल्यावर टाक्यांच्या खोलीत घेऊन गेले. तिथे सगळ्या टाक्यांना हवा पुरवणारा एकच मोठा पंप होता आणि त्याची घरघर कान किटवणारी होती. सरांनी दोनदा मोठ्याने बोलून पाहिलं, मग ते वैतागले आणि म्हणाले, "थांबा, हे धूड बंदच करतो." बटण दाबल्याबरोबर खोली एकदम चिडीचूप झाली. बाई खूश झाल्या. त्यांचं यंत्र आधीपासूनच चालू होतं. हा आवाज, तुमचं वाक्य आणि हे बटण, यानेच मी सुरुवात करणार, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं.

मुलाखत रंगली. माशावर बोलायला लागले की सरांना थांबवणं कठीण. नंतर ते बाईंना फाटकापर्यंत सोडायला गेले, तिथे उभ्या उभ्या आणखी गप्पा झाल्या, बाईंनी कौतुक केलं, आणि सर स्वतःवर खूश होऊन तसेच घरी गेले. जेवताना त्यांनी बायकोला स्वतःचीच वाक्यं पुन्हा एकदा ऐकवली. पंप त्यांच्या डोक्यातून साफ गेला होता.

रविवारी विद्यार्थिनीने खोलीचं दार उघडलं तेव्हा सगळे मासे उलटे होऊन तरंगत होते. पाणी कोमट होत गेलं तर बापाचा धीर किती टिकतो, हा तिचा विषय होता. कोमट पाण्यात तिने मासे वाढवले, मग त्यांची पिल्लं, मग त्या पिल्लांची पिल्लं. ही शेवटची पिढी नुकतीच वयात आली होती, नरांचे गाल पहिल्यांदाच फुगले होते. कोमट पाण्यात आधीच हवा कमी. पंप बंद पडल्यावर त्यांनी किती काळ तग धरला असेल, हे सरांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सर पोचले तेव्हा विभागप्रमुख बाई आणि आणखी दोघंतिघं तिथे जमले होते. विद्यार्थिनी जमिनीवर बसून रडत होती. शनिवारी सकाळी टाक्या साफ करताना तिने पंप बंद केला होता. गाळ खाली बसावा म्हणून तो करावाच लागतो. पुढे बहिणीकडे जायची बस गाठायच्या घाईत तो परत चालू केला की नाही, हे तिला छातीठोकपणे सांगता येईना. "मीच विसरले असेन, सर," ती म्हणाली.

सरांचं तोंड उघडलं होतं. खरं तेच त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण सगळे त्यांच्याकडे पाहत होते, आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"असू दे," ते म्हणाले. "माणसाच्या हातून होतं असं."

कोणीतरी सहज विचारलं, काल तुमची मुलाखत इथेच झाली ना? "छे, केबिनमध्ये," सर म्हणाले. इतक्या झटकन म्हणाले की त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

पुढचा आठवडाभर त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक चाललं होतं. दुसरा गाईड असता तर पोरीला उभं सोललं असतं, असं विभागप्रमुख बाई जो भेटेल त्याला सांगत. सर खाली बघत. लोकांना तो विनय वाटे. सरांना मात्र प्रत्येक वेळी कानफटात बसल्यासारखं होई. घास घशाखाली उतरत नव्हता. बायकोने पथ्याचं करून पाहिलं, आवडीचं करून पाहिलं, मग नाद सोडला. रेडिओच्या बाईंना त्यांनी मोबाइलवर कितीदा तरी लिहिलं की सुरुवातीचा तेवढा भाग काढता आला तर बरं होईल, आणि दर वेळी न पाठवताच पुसून टाकलं. का काढायचा, असं बाईंनी विचारलं तर काय सांगणार?

आणि आजच, कार्यक्रम संपला की, कमिटी बसणार होती. विद्यार्थिनीचं नाव संशोधनातून काढून टाकायचं, की निष्काळजीपणाचा शेरा मारून तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू द्यायची, एवढंच ठरायचं बाकी होतं.

स्पीकर खरखरला. धून वाजली. रेडिओच्या बाईंनी नमस्कार केला, सरांची ओळख करून दिली. सरांनी मांडीवर पालथे ठेवलेले हात घट्ट आवळले. आता घरघर सुरू होणार, आता आपला आवाज येणार, आता ते बटण.

"आई अंडी घालते आणि निघून जाते," स्पीकरमधून सर म्हणाले. "पुढचं सगळं बापाच्या तोंडी."

घरघर नव्हती. बटण नव्हतं. सरांनी वाट पाहिली, तरी आलं नाही. मोठा श्वास सुटला, हातांची पकड सैलावली, शेजारच्याने त्यांना कौतुकाने कोपर मारलं तेव्हा त्यांना हसूही आलं. आपण सुटलो, या आनंदाने त्यांना इतकं हलकं वाटलं की पुढच्याच क्षणी त्याची शरम वाटली.

मुलाखत चालूच होती. गिळून टाकल्यावर त्या बापाचं काय होतं, असं बाईंनी विचारलं.

"काही नाही होत," स्पीकरमधला आवाज खुशीत म्हणाला. "माशाला लाज नसते, बाई. अंडी गिळली की तो आपला पुन्हा ताठ मानेने पोहायला लागतो."

खोलीत हशा पिकला. सर पायाखालच्या फरशीकडे बघत राहिले.

टाळ्या झाल्या, अभिनंदन झालं. विभागप्रमुख बाई वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या की रेडिओच्या बाई कामाच्या बाबतीत फार चोख आहेत. शास्त्रीय शब्द चुकू नयेत म्हणून त्यांनी आधीच सगळं ऐकायला पाठवलं होतं. "तुम्हाला कशाला त्रास, म्हणून मी हिलाच दिलं तपासायला," असं म्हणून त्यांनी दाराकडे बोट केलं. दाराशी कोणी नव्हतं.

सर जिना उतरून खाली गेले. टाक्यांच्या खोलीत रिकाम्या टाक्या पालथ्या घालून ठेवल्या होत्या. एकाच टाकीत पाणी होतं आणि त्यात खडकांतून नव्याने पकडून आणलेली एक जोडी. पंप घरघरत होता. त्याच्या बटणावर आडवी-उभी निळी चिकटपट्टी मारली होती. विद्यार्थिनी पाठमोरी बसून एका टाकीची काच घासत होती. सर आलेले तिला कळलं, पण हात थांबला नाही.

"तू ऐकलंस सगळं," सर म्हणाले.

"हो सर. मंगळवारीच."

"आणि सुरुवातीचा भाग?"

"मीच काढायला सांगितला. पंपाचा फार आवाज येतोय, कानाला त्रास होतो, असं कळवलं त्यांना."

मंगळवारी. म्हणजे बुधवारी ती केबिनमध्ये आली, कमिटीपुढे वाचायचा खुलासा घेऊन आली, तेव्हा तिला सगळं माहीत होतं. 'पंप सुरू करण्याचे माझ्याकडून राहून गेले' असं तिने त्यात लिहिलं होतं. सरांनी तो कागद नीट वाचला होता आणि पेन काढून त्यातला एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिला होता. ते आठवलं आणि सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी भिंतीला हात टेकला.

"का केलंस असं?"

तिने स्पंज पिळला. आपल्याबद्दल आदर आहे म्हणून, असं ती म्हणेल, असं सरांना वाटत होतं. तसं ती म्हणाली असती तर त्यांचे डोळे भरून आले असते, आणि कुठेतरी बरंही वाटलं असतं.

"मला अजून तीन वर्षं तुमची सही लागणार आहे, सर," ती म्हणाली. "तुम्हाला उघडं पाडून मी कुठे जाणार?"

आवाजात राग नव्हता. पाण्याचं तापमान सांगावं तसं तिने ते सांगितलं. मग काच घासता घासता तिने आणखी एक वाक्य जोडलं.

"बुधवारी वाटलं होतं, आता सांगाल."

टाकीतला नवा नर कोपऱ्यातल्या दगडाआड तरंगत होता. सरांना सवयीने त्याच्या गालांकडे बघावंसं वाटलं, पण त्यांनी बघितलं नाही. एवढ्यात शिपाई दारात आला आणि कमिटी बसलीय, दोघांनाही बोलावलंय, असं सांगून गेला. विद्यार्थिनीने हात पुसले, खिशातला घडी घातलेला कागद काढला आणि ती पुढे झाली. जिन्यात ती सरांच्या पुढे दोन पायऱ्या होती. तिच्या चपलांचे ओले ठसे सिमेंटवर उमटत होते आणि सर ते चुकवत वर चढत होते.

कमिटीचे अध्यक्ष खुशीत होते. त्यांनी आधी कार्यक्रमाबद्दल सरांचा हात हातात घेतला, माशाला लाज नसते हे वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं, मग म्हणाले की हे प्रकरण काही फार लांबवायला नको, सरांनी मोठ्या मनाने सांभाळून घेतलंच आहे. विद्यार्थिनी उभी राहिली. तिने कागद उलगडून वाचायला सुरुवात केली. एकेक वाक्य ती स्वच्छ, सरळ वाचत गेली. सरांनी सुधारलेल्या शब्दावर ती अडखळली नाही. वाचून झाल्यावर खाली बसली.

"चला, कबूलच आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी शेवटची ओळ लिहिली, पेनाला टोपण लावलं आणि सरांकडे पाहिलं. "गाईड म्हणून तुम्हाला काही म्हणायचंय?"

विभागप्रमुख बाई फाइल आवरायला लागल्या होत्या. विद्यार्थिनी टेबलावरच्या आपल्या कागदाकडे बघत होती. इथपर्यंत पंपाचा आवाज येत नसे, तरी सरांना तो येत होता.

"माझी मुलाखत केबिनमध्ये झाली नव्हती," सर म्हणाले.

"म्हणजे?" अध्यक्ष हसतच होते. "त्याचं काय आता?"

"खाली, टाक्यांच्या खोलीत झाली. पंप चालू होता. तो मी बंद केला." सरांनी अध्यक्षांच्या पेनाकडे बोट केलं. "लिहून घ्या."

बाईंचा हात फाइलवर तसाच राहिला. मग अध्यक्षांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.